पंप उतरवण्याआधी हवा शोधा : जुन्या पिकअपचं वर-खाली होणारं आयडलिंग

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्याकडे २००७ची डिझेल पिकअप आहे. यांत्रिक पंपाची (इंजिनला दाबाने डिझेल पुरवणारा तो पंप), सेन्सर-बिन्सर काही नाही, साडेतीन लाख किलोमीटर झालेली. सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो. चालू झाली की उभ्या गाडीत आयडलिंग, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं तो वेग, वर जातं, खाली येतं, परत वर जातं. हायवेला पळते चांगली, पण नाशकात माल घेऊन आलं की द्वारकेच्या गर्दीत न्यूट्रलला दोन-तीन दिवसांतून एकदा बंद पडते. गावातल्या मिस्त्रीने आयडलिंगचा स्क्रू वाढवून दिला. आता बंद पडत नाही, पण पहिला गिअर टाकताना कर्र करते आणि आवाजाचं वर-खाली तसंच आहे. मिस्त्री म्हणतो, पंप उतरवावा लागेल. त्यांनी विचारलंय, "काका, पंपाचा खर्च करून टाकू का?"

भाऊ, आत्ताच नको.

नाशिकच्या अंबडला डिझेल गाड्यांखाली झोपून मला तीस वर्षांच्या वर झाली. या लक्षणांच्या गाड्यांत खरंच पंप बिघडलेला फार थोड्यांत निघाला. पंपाचं नाव आधी घेतलं जातं याचं कारण साधं आहे. पंप ही सील लावलेली, महागडी वस्तू, आत काय चाललंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि तो काढून दुसऱ्याकडे पाठवला की आपली जबाबदारी संपते. हे मी दुसऱ्या मिस्त्र्यांबद्दल बोलत नाही, मीही तेच केलंय. ती गोष्ट पुढे येईल.

आधी पान्हा बाजूला ठेवा आणि ऐका. सकाळी इंजिन थंड असताना एकदा आणि अर्धा तास चालवून आल्यावर एकदा, बॉनेट उघडून दोन-दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. आयडलिंग बिघडलं असं आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली येतात. एकात इंजिन घूंऽऽ करून चढतं, उतरतं, पुन्हा चढतं, पण चारही सिलिंडर एकसारखे वाजत असतात. झोका घेतल्यासारखं. याला आम्ही हंटिंग म्हणतो. दुसऱ्यात चढउतार फारसा नसतो, पण ताल तुटतो : टक टक टक, मधेच एक ठोका गायब, आणि गाडी अंग झटकल्यासारखी हलते. हे मिस मारणं. पहिलं बहुतेक डिझेल पोचण्याच्या वाटेवरचं दुखणं असतं, दुसरं बहुतेक एखाद्या नोझलचं (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारतं ते) नाहीतर सिलिंडरचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं पहिलं आहे, आणि सकाळचा लांब सेल्फ त्याला दुजोरा देतो.

तुमच्या विहिरीवरच्या मोटारीशी ताडून बघा, लगेच कळेल. सक्शन पाइपला बारीक चीर गेली की मोटार हवा धरते. पाणी बंद होत नाही, पण पाइपातून फसफसत, तुटक येतं. फूट व्हॉल्व्ह धरत नसेल तर रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी पुन्हा पाणी भरून मोटार चालू करावी लागते. गाडीत हेच होतं. टाकीतून डिझेल ओढणारा पाइप कुठेतरी हवा घेतो, रात्रभरात पाइपातलं डिझेल टाकीकडे उतरतं, म्हणून सकाळी सेल्फवर सेल्फ. आणि आम्ही जे ‘गाडी एअर घेते’ म्हणतो ते हेच.

मग वर-खाली का होतं? पंपालाच गव्हर्नर असतो. त्यातली वजनं इंजिनच्या वेगाने फिरतात, वेग वाढला की बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात, वेग कमी झाला की स्प्रिंग त्यांना आत ढकलते आणि डिझेल वाढतं. आता डिझेलबरोबर एक हवेचा बुडबुडा आला. त्या क्षणी इंजिनला डिझेल कमी मिळालं, वेग पडला, गव्हर्नरने डिझेल वाढवलं. तोवर बुडबुडा गेला आणि निव्वळ डिझेल आलं, म्हणजे आता जास्त झालं, वेग चढला, गव्हर्नरने कमी केलं. तेवढ्यात पुढचा बुडबुडा. गव्हर्नर बिचारा आपलं काम चोख करतोय, फक्त कायम एक पाऊल मागे आहे. हायवेला डिझेल भरपूर वाहत असतं, त्यात एवढासा बुडबुडा जाणवत नाही. आयडलिंगला एका ठोक्याला लागणारं डिझेल इतकं थोडं असतं की तेवढी हवाही पुरते.

म्हणून स्क्रू वाढवल्याने गाडी बंद पडायची थांबली, दुखणं गेलं नाही. तो स्क्रू आधी परत मागे घ्या. अशा इंजिनांचं आयडलिंग साधारण मिनिटाला ७०० ते ८५० फेऱ्यांच्या (आरपीएम) दरम्यान असतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा नसेल तर हाताने धरायचा टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो. पहिला गिअर कर्र करतो तो क्लचमुळे असेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, आधी आरपीएम खाली आणून बघा. आणि पंपावर एक दुसरा स्क्रू असतो, तारेने सील केलेला. तो जास्तीत जास्त वेगाचा किंवा डिझेलच्या मापाचा असतो. त्याला हातही लावायचा नाही आणि दुसऱ्याला लावू द्यायचा नाही.

आता शोध. पहिली गोष्ट फुकटची आहे. गाडी वर-खाली करत असताना टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि मिनिटभरात आयडलिंग सुधारलं, तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. शेतातल्या चिखलाच्या रस्त्यांवर हे सर्रास होतं. झाकण डिझेलमध्ये धुवून फुंकून घ्या, झालं काम.

झाकणाने फरक पडला नाही तर पंप कुठल्या जातीचा आहे ते बघा, कारण हवा कुठे शोधायची ते त्यावर ठरतं. चार नोझल पाइप पंपावर ओळीत उभे असतील तर तो इनलाइन. त्याच्या कुशीला टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप असतो, हवा काढायला हाताने दाबायचा प्रायमर त्यावरच बसतो. इथे टाकीपासून फीड पंपापर्यंतचाच भाग ओढीचा. फीड पंपाच्या पुढे डिझेल ढकललं जातं, तिथे गळती असली तर डिझेल बाहेर दिसतं. पण चारही पाइप एकाच गोल डोक्यातून निघत असतील तर तो रोटरी. त्याला बाहेर वेगळा फीड पंप बहुतेक नसतो, ओढणारा भाग पंपाच्या पोटातच असतो आणि प्रायमर फिल्टरच्या डोक्यावर. म्हणजे फिल्टर, त्याचं रबर, प्रायमर, सगळंच ओढीच्या बाजूला आलं. फिल्टर बदलल्यापासून त्रास सुरू झाला असं रोटरीवाला सांगतो तेव्हा मी आधी फिल्टरचं रबर बघतो. जुनं रबर चिकटून वर राहिलेलं आणि त्यावर नवं बसवलेलं, असं मी कितीदा काढलंय.

ओढीच्या बाजूची अडचण हीच की गाडी चालू असताना ती गळत नाही, शोषते. खाली कोरडं असतं आणि माणूस म्हणतो, गळती नाहीच. म्हणून पारदर्शक पाइप वापरायचा. हार्डवेअरवाल्याकडून पाइपच्या मापाचा, डिझेल सहन करणारा फूटभर पारदर्शक पाइप घ्या. इनलाइनला फीड पंपाच्या आधी, रोटरीला पंपात शिरण्याच्या आधी तो मधे बसवा, दोन्हीकडे क्लिप नीट आवळा, हवा काढा आणि गाडी चालू करा. सुरुवातीची एक-दोन मिनिटं बुडबुडे येतात, ते धरू नका. त्यानंतर मोबाइलचा टॉर्च पाइपमागे धरून बघा. चांगल्या गाडीत पाइप पिवळसर आणि शांत दिसतो, इतका की डिझेल वाहतंय की नाही हे कळत नाही. हवा घेणाऱ्या गाडीत सोड्याच्या बाटलीसारखी बारीक साखळी वर सरकताना दिसते, आणि आवाज उतरतो त्याच्या जरा आधी एक जाड बुडबुडा गेलेला असतो. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की पंपावर संशय घ्यायची इच्छा उरत नाही.

(तपासणी झाली की तो पाइप काढून टाका. इंजिनच्या उष्णतेने तो महिन्या-दोन महिन्यांत कडक होतो आणि मग तोच हवा घेतो.)

आता माझी चूक. चांदवडकडच्या कांद्याच्या व्यापाऱ्याची पिकअप होती, अगदी तुमच्यासारखीच लक्षणं. दोन ठिकाणी दाखवून माझ्याकडे आली. नोझल झालेले, फिल्टर झालेला, रबरी होज नवे. मी होज हाताने दाबून बघितले, वर्कशॉपात वेळ नव्हता, आणि जाहीर केलं की आता पंपच. काढला, पंपवाल्याकडे तपासणीच्या बेंचवर पाठवला. दुसऱ्या दिवशी पंपवाल्याचा फोन, "मिस्त्री, पंप ठणठणीत आहे, काय करू याचं?" पंप परत बसवला, अर्थात गाडी तशीच. तेव्हा ड्रायव्हर सहज बोलला की टाकी फुल असली की कमी करते, अर्ध्याच्या खाली गेली की जास्त. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी वर असते, ओढ कमी लागते, हवा कमी शिरते. मग गाडी खड्ड्यावर घेतली आणि टाकीपासून पुढे एकेक वीत पाइप पुसत आलो. हौद्याखाली चासीला लोखंडी पाइप जिथे पट्टीने धरलेला असतो, तिथल्या पट्टीतलं रबर पडून गेलं होतं. लोखंडावर लोखंड घासून पाइपला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलेलं, त्यावर तेलकट धुळीचा थर, वरून काहीच दिसत नव्हतं. तेवढा तुकडा कापून जोडला आणि गाडी घड्याळासारखी चालायला लागली. पंपाच्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत, घ्यायला तोंडच नव्हतं.

तेव्हा तुम्ही हाच क्रम धरा. टाकीवरून निघणारा होज, चासीवरचा पाइप आणि त्याच्या पट्ट्या, मधे गाळ बसणारी बाटली असेल तर तिचं रबर, मग बँजो बोल्ट, म्हणजे ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं तो पाइप जोडायचा बोल्ट. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. ते एकदा दबले की कडक होतात, पुन्हा आवळून धरत नाहीत. किरकोळ पैशांची वस्तू आहे, बोल्ट सोडला की नवे टाका. अडनिड्या वेळी नवे मिळालेच नाहीत तर जुने लालबुंद होईपर्यंत तापवून थंड करतात, तांबं पुन्हा मऊ होतं, पण ही रात्रीच्या घाटातली सोय आहे, रोजची नव्हे. होज तपासताना नुसता दाबू नका, टोकाला वाकवून बघा. क्लिपच्या कडेला बारीक चिरा असतात. प्रायमर वापरून झाला की त्याचं डोकं पूर्ण खाली बसवून आवळलंय ना हेही बघा. अर्धवट राहिलेला प्रायमर हवा घेतो आणि घरच्या घरी फिल्टर बदलणाऱ्यांकडून हे हमखास राहतं. रोटरी पंपावर आणखी एक गंमत आहे. डिझेल आत येण्याचा आणि परतीचा बोल्ट वरून सारखेच दिसतात, पण परतीच्या बोल्टला आत बारीक भोक असतं. कोणी अदलाबदल केली तर पंपाच्या पोटातला दाबच बिघडतो.

पाइप वीतवीत बघायला वेळ नसेल तर कॅनची परीक्षा करा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात गाळलेलं डिझेल, इंजिनपेक्षा जरा उंचावर, सायलेन्सर आणि मॅनिफोल्डपासून लांब, घट्ट बांधायचा. टाकीकडून येणारा पाइप सोडून कॅनचा पाइप जोडायचा, परतीचा पाइपही कॅनमध्येच सोडायचा. हवा काढून वीस मिनिटं चालवा. आयडलिंग सरळ झालं तर दोष टाकी ते जोडणी या टप्प्यात आहे. तरीही हाललं तर पुढे. टाकीच्या बाजूला दोष निघाला आणि पाइप चांगला असेल तर टाकीतली जाळी काढून बघा. पावसाळ्यात झाकणातून पाणी जातं, तळाशी पाणी आणि वर डिझेल यांच्या मधे काळपट शेवाळी चिकटा धरतो आणि तो जाळीवर येऊन बसतो. गाडी थोडी पळवली की ओढीने चिकटतो, बंद केली की सुटून खाली बसतो, आणि माणूस चक्रावतो.

हवा काढायची पद्धत तुम्हाला माहीत असेल, पण अर्धवट काढलेली हवा हीसुद्धा नवी तक्रार बनते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला, प्रायमर मारत राहा, फेस जाऊन निव्वळ डिझेल यायला लागलं की ते वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसाच. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मधे अर्धा मिनिट विसावा द्या. निफाडच्या थंडीत पहाटे बॅटरी आधीच अर्धी मेलेली असते, तिचा जीव घेऊ नका.

समजा बुडबुडे नाहीतच आणि नीट ऐकल्यावर ताल तुटतोय असं वाटलं, तर नोझलकडे जायचं. गाडी आयडलिंगला ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा ढिला करा, चष्मा घालून, वर फडकं धरून. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला केला की इंजिन लगेच कोसळतं. ज्याच्या नटाने काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच कामातून गेलाय. तो नोझल शेजारच्या सिलिंडरमध्ये टाकून बघा. मिस त्याच्याबरोबर गेली तर नोझल, जागेवरच राहिली तर टॅपेट, कम्प्रेशन, व्हॉल्व्ह. नोझल बदलताना त्याच्या खालचा तांब्याचा वायसर नवा टाका आणि खाली जुना चिकटून राहिलेला नाही ना ते टॉर्चने बघा. या इंजिनांचे नोझल साधारण २०० ते २५० बारला उघडतात, टेस्टरवर चारही सारखे उघडून सारखा धुरासारखा फवारा मारतात की नाही ते समोर उभं राहून बघा. थेंब पडताना दिसला तर तो नोझल बाद. आपण मायको सर्कलच्या गावात राहतो, सातपूरला नोझल बनतात, मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी आम्ही अजून मायकोच म्हणतो. तरी डुप्लिकेट माल आपल्याच गावात विकला जातो. बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

मधल्या किरकोळ गोष्टी : अॅक्सिलरेटरची केबल गंजून पूर्ण मागे येत नसेल, लिव्हरची स्प्रिंग सैल असेल, बंद करायची केबल थोडी ओढलेली राहत असेल, तर आयडलिंग कधी असं कधी तसं राहतं. रोटरी पंपाला बंद करण्यासाठी वायरवरचा सोलेनॉइड (विजेवर डिझेल सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याची वायर हलवून बघा. ढिली वायर खड्ड्यात गाडी पटकन बंद पाडते आणि डिझेलवर आळ येतो. इंजिनचं फाउंडेशन रबर बसलं असेल तर इंजिन ठीक असूनही केबिन थरथरते.

एवढं सगळं निर्दोष निघालं, कॅनवरही झोका तसाच राहिला, तर मात्र गव्हर्नरची झीज किंवा रॅक (डिझेलचं माप कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) अडकणं मानायला हरकत नाही. तेव्हा पंप उतरवा. उतरवण्याआधी पंप आणि इंजिनच्या जोडावर छिन्नीने खूण करून घ्या, नाहीतर बसवताना टायमिंग हलतं आणि नवीनच धुराची कटकट सुरू होते. पंपवाल्याला नुसतं ‘ओव्हरहॉल कर’ सांगू नका. आयडलिंगला हंटिंग आहे, बाहेरचं सगळं तपासलंय, असं सांगा, बेंचवर आधी जसा आहे तसा लावायला सांगा आणि ते माप लिहून घ्या. काम झाल्यावरचं मापही मागा. दोन कागद शेजारी ठेवले की खर्च कशाचा झाला ते दिसतं.

हे वाचणाऱ्या कॉमन रेलवाल्यांना, म्हणजे सेन्सर-कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल गाड्यांच्या मालकांना, एकच सांगणं, ते मात्र कळकळीचं. वर नोझलचा नट ढिला करायला सांगितलंय ते तुमच्यासाठी नाही. तुमच्या रेलमध्ये आयडलिंगलाही शेकडो बारचा दाब असतो, बारीक धार कातडीतून आत जाते आणि बोट कापायची वेळ येते. तुम्ही आधी स्कॅनर लावा, मग इंजेक्टरच्या परतीच्या पाइपांना चार सारख्या बाटल्या लावून कोणाची लवकर भरते ते बघा, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकलाय का ते बघा.

भाऊ, तुम्ही आज फक्त तीन गोष्टी करा : झाकण उघडून ऐका, स्क्रू मागे घ्या, पारदर्शक पाइप लावा. टाकी अर्धी असतानाच लावा, फुल टाकीवर नको. साखळी सतत दिसते की मधूनमधून एखादाच बुडबुडा, आणि पंप ओळीचा आहे की गोल डोक्याचा, एवढं कळवा. पुढचं तेव्हा सांगतो.